सतत दमलेलं मूल: आधी तास मोजा, मग श्वास ऐका

तीन-चार वर्षांचं मूल दमलं की जांभया देत कोपऱ्यात बसत नाही. ते सोफ्यावरून उड्या मारतं, ताटातला भात ताईच्या वाटीला लागला म्हणून भोकाड पसरतं, आणि रात्री साडेनऊला त्याच्या अंगात जणू वारं शिरतं. 'एवढी ताकद आहे, याला कसली झोप हवी?' असं घरच्यांना वाटतं. तेच मूल पाळणाघरातून आणताना ठाण्यात कोलशेत ते माजिवडा एवढ्या रिक्षाप्रवासात मान टाकतं, सकाळी तीनदा हलवल्याशिवाय उठत नाही आणि रविवारी दोन तास उशिरापर्यंत लोळतं. झोप पुरत नसल्याच्या या खुणा आहेत.

हा लेख साधारण १ ते ८ वर्षांच्या मुलांबद्दल आहे. सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं: मुलाची झोप कमी आहे, की तास पुरेसे असूनही झोप वाईट आहे? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. घोरणाऱ्या मुलाला रोज साडेआठला झोपवलं तरी ते सकाळी दमलेलंच उठणार. आणि ज्याला मुळात नऊच तास मिळतात, त्याला टॉनिकच्या चार बाटल्या पाजून काही होणार नाही.

एक अपवाद आधीच सांगतो. मूल नुसतं पेंगत नसेल, तर खेळायलाच नको म्हणत असेल, जिना चढताना त्याला धाप लागत असेल, वजन उतरत असेल किंवा दोन-तीन आठवडे बारीक ताप असेल, तर पुढे सांगितलेली वही-बिही राहू द्या, सरळ डॉक्टरकडे जा. खूप तहान, वारंवार लघवी, कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागणं आणि थकवा हे सगळं एकत्र आलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांच्या मधुमेहाची सुरुवात अशीच होते.

पहिलं काम: चौदा दिवसांची वही

दोन आठवडे, कारण एका आठवड्यात एक सर्दी आणि एक लग्न येऊन सगळं बिघडवतात. शंभर पानी वहीत रोज एक ओळ पुरे: दुपारी किती ते किती झोपलं, रात्रीचं जेवण किती वाजता, दिवा कधी बंद केला, झोप प्रत्यक्षात कधी लागली, रात्री किती वेळा उठलं, सकाळी स्वतः उठलं की उठवावं लागलं, घोरलं का, दिवसभरात दूध किती प्यायलं. 'दिवा बंद' आणि 'झोप लागली' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बहुतेक घरांत त्यांची गल्लत होते आणि झोप पाऊण-एक तासाने जास्त धरली जाते.

साडेतीन वर्षांच्या मुलाची नेहमी दिसते तशी ओळ बघा: 'दुपारी साडेतीन ते साडेपाच. बाबा घरी ८.५०. जेवण ९.२०. दिवा बंद १०.१५. झोप ११.०५. उठवलं ६.२०. बस ७.०५.' रात्रीचे सव्वासात तास, दुपारचे दोन, एकूण सव्वानऊ. आता गरज किती ते बघा. चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास लागतात, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२. या मुलाला रोज किमान पाऊण तास कमी पडतोय, म्हणजे आठवड्याला पाच तासांहून जास्त. अशा वेळी आजार शोधण्याआधी घड्याळ बघावं.

वहीतल्या आणखी दोन आकड्यांकडे लक्ष द्या. दिवा बंद केल्यावर १५ ते ३० मिनिटांत झोप लागणं ठीक. पाऊण तास लागत असेल तर एक तर दुपारची झोप फार उशिरा संपतेय, नाहीतर तुम्ही शरीराच्या तयारीआधीच झोपवताय. आणि उशीला डोकं टेकताक्षणी मूल गाढ झोपत असेल तर कौतुक नको, ते अति दमलंय.

दुसरं काम: तीन रात्री कान देऊन ऐका

तास पुरेसे असोत वा नसोत, हे करायचंच. सर्दी नसलेल्या तीन रात्री निवडा. झोप लागल्यावर दीड-दोन तासांनी एकदा आणि पहाटे चार-साडेचारला एकदा पंखा बंद करून दहा मिनिटं शेजारी बसा. पहाटेची फेरी टाळू नका. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, तेव्हा घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाचा अडथळा असेल तर तेव्हाच ठळक दिसतो. रात्री दहाला 'छान झोपलाय' म्हणून दार लोटून घेणाऱ्यांच्या नजरेतून तो नेमका सुटतो.

काय बघायचं? तोंड उघडं आहे का. मान मागे टाकून, हनुवटी वर करून झोपलंय का (श्वासाची वाट मोकळी करायला शरीर स्वतःच ही युक्ती करतं). उशी घामाने भिजलीय का. सदरा वर करून छाती बघा: श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग किंवा गळ्याची खळी आत ओढली जाते का. आणि आवाज ऐका. एकसुरी घुर्रघुर्र वेगळी. घोरणं, मग शांतता, छाती हलतेय पण आवाज नाही, आणि मग हिसका देऊन श्वास, ही चाल दिसली तर लगेच दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. चेहरा आणि उघडी छाती दोन्ही दिसली पाहिजेत, पंखा बंद हवा म्हणजे आवाज येईल. 'डॉक्टर, हा घोरतो' या वाक्यापेक्षा तो व्हिडिओ कान-नाक-घशाच्या डॉक्टरला शंभरपट उपयोगी पडतो.

सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं हे 'बाबांवर गेलाय' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ३ ते ७ वर्षांत नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी आणि टॉन्सिल घशाच्या मानाने सगळ्यात मोठ्या असतात, म्हणून याच वयात त्रास उफाळतो. असं मूल दिवसा पेंगेलच असं नाही. ते चिडचिडं होतं, शाळेत लक्ष देत नाही, आणि मग बाई 'फार चंचल आहे' असा शेरा पाठवतात. डॉक्टर बहुधा आधी तपासतील, मानेचा बाजूने एक्स-रे किंवा दुर्बिणीने ग्रंथी बघतील, ॲलर्जी असेल तर काही आठवडे नाकातला फवारा देतील. सौम्य त्रास असेल तर थांबून बघणं हाही योग्य निर्णय असू शकतो. अडथळा मोठा असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, आणि शंका राहिली तर रात्रभराची झोपेची तपासणी सांगतात. तपासणीसाठी नाव नोंदवण्याआधी 'इतक्या लहान मुलाची करता का?' हे फोनवरच विचारा.

श्वास थांबून ओठ निळसर दिसले तर व्हिडिओ वगैरे काही नाही, मुलाला उठवा आणि १०८ लावा.

तिसरं काम: रक्त आणि दूध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी देशभरात ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. तेव्हा हिरानंदानीतल्या टॉवरमध्ये राहतो म्हणून आपलं मूल यातून सुटलं असं धरू नका. लोह कमी असलं की दोन गोष्टी होतात. मूल दिवसा मलूल राहतं, आणि रात्री पाय हलवतं, लाथा झाडतं, गादीवर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. 'पायात मुंग्या येतात', 'पाय दाबून दे' असं रोज झोपताना म्हणणाऱ्या मुलाचं लोह तपासावंच.

डॉक्टरांना सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी) आणि फेरिटिन या दोन तपासण्यांबद्दल विचारा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ११ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून नुसत्या सीबीसीवर समाधान मानू नका. ताप किंवा सर्दी असताना फेरिटिन करू नका, संसर्गात ते फसवं वाढतं. बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी करा. गरज वाटली तर डॉक्टर थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व किंवा लघवीची तपासणी जोडतील. 'साठ तपासण्या अमुक रुपयांत' असली पॅकेजेस मुलांसाठी घेऊ नयेत. त्यात फेरिटिन बरेचदा नसतं आणि नको ते दहा आकडे काळजी लावून जातात.

अंगणवाडीत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध मिळतं. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. ते कमतरता होऊ नये म्हणून आहे. कमतरता झालेली असेल तर रोजचा आणि वजनानुसार वेगळा डोस लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. औषध दुधासोबत दिलं तर वाया जातं. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, लिंबाच्या पाण्याबरोबर द्या. शी काळी होते, घाबरू नका. दात काळे पडू नयेत म्हणून पिचकारीने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. बाटली मात्र कुलपात. लोहाचं गोड औषध मुलाने गटागटा प्यायलं तर जिवावर बेततं.

आता दूध. 'जेवत नाही, निदान दूध तरी पितो' हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथे लोह कमी निघण्याची शक्यता जास्त. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध बास. त्याहून जास्त झालं की पोट भरतं, भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. अंथरुणात बाटली तोंडात देऊन झोपवणं बंद करा: दात किडतात, शिवाय रात्री दर वेळी जाग आली की बाटलीच लागते. चहा तर मुलांना नकोच, तो लोह अडवतो आणि झोपही. ताटात काय वाढायचं ते सोपं आहे: मोड आलेली मटकी, हरभरा, अळिवाचा लाडू, खजूर; खाणाऱ्यांच्या घरी अंडं, मासे, कलेजी; आणि वरून लिंबू किंवा पेरूची फोड.

मूल रात्री ढुंगण खाजवत उठत असेल तर सूतकृमींचा संशय घ्या. पहाटे टॉर्चने गुदद्वाराजवळ बघितलं तर पांढरे, दोऱ्याच्या तुकड्याएवढे जंत दिसतात. जंताचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि त्या दिवशी चादरी-चड्ड्या गरम पाण्यात. एकट्या मुलाला औषध दिलं की महिन्यात जंत परत येतात.

चौथं काम: घड्याळ हलवणं

ठाणे-नवी मुंबईत मुलाची झोप लोकल ठरवते. आई ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला, बाबा सीएसएमटीला, घरी यायला साडेआठ-नऊ. मूल वाट बघतं, बाबा आले की उड्या, मग सगळे मिळून जेवण, आणि साडेदहा कधी वाजतात कळत नाही. यात कुणाचीच चूक नाही. पण सकाळची बस सातलाच येते. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवाव्यात असं राज्य सरकारने २०२४–२५ या शैक्षणिक वर्षापासून सांगितलं, तरी दोन पाळ्यांच्या बऱ्याच शाळा अजून सकाळच्याच आहेत.

म्हणून उलटी बेरीज करा. मूल ६.२० ला उठणार, त्याला रात्रीचे दहा तास हवेत, तर झोप ८.२० ला लागली पाहिजे आणि दिवा आठला बंद. दुपारी तासभर झोपत असेल तर नऊपर्यंत चालेल. हे एका रात्रीत होणार नाही. सुरुवात संध्याकाळपासून करू नका, सकाळपासून करा. उठण्याची वेळ पक्की धरा, रविवारीही जास्तीत जास्त अर्धा-पाऊण तास उशीर. उठल्यावर १५-२० मिनिटं गॅलरीत किंवा सोसायटीच्या आवारात उजेडात न्या. शरीराचं घड्याळ त्या उजेडाने लावलं जातं. तीन वर्षांवरच्या मुलाची दुपारची झोप तीनच्या आत संपवा. पाळणाघरातल्या ताईंना हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण साडेपाचपर्यंत झोपलेलं मूल त्यांच्यासाठी सोयीचं असतं. आणि रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा.

मग बाबांचं काय? मुलाचं जेवण सात-साडेसातला उरका, बाबांसाठी थांबवू नका. बाबा ८.४० ला आले तर त्यांनी हातपाय धुवून गोष्ट सांगायची, दंगामस्ती करायची नाही. कुस्ती, घोडा-घोडा सगळं सकाळच्या वीस मिनिटांत. सुरुवातीचे चार दिवस बाबांना वाईट वाटतं, मुलाला नाही.

झोपण्याआधीचा पाऊण तास रोज त्याच क्रमाने जायला हवा: कोमट पाण्याने अंघोळ किंवा नुसते हातपाय, दात, शू, गोष्ट, दिवा. ट्यूबलाइट सातनंतर बंद, पॅसेजमधला पिवळा दिवा पुरे. मोबाईल आणि टीव्ही तासभर आधी बंद, आजीची मालिकासुद्धा. ही सगळ्यात अवघड वाटाघाट आहे; आजीला हेडफोन आणून देणं हा बऱ्याच घरांत निघालेला तोडगा.

खांद्यावर घेऊन किंवा झोळीत हलवून झोपवण्याची सवय असेल तर रात्री वारंवार उठण्याचं कारण बहुधा तेच. लहान मुलाची झोप दर तास-दीड तासाने हलकी होते. तेव्हा मूल चाचपून बघतं की झोप लागताना जे होतं ते अजून आहे का. झोळी थांबलेली असते, म्हणून रडतं. एकाच खोलीत, एकाच गादीवर झोपायला काही हरकत नाही. वन बीएचकेत वेगळी खोली आणायची कुठून? बदलायचं आहे ते झोप लागण्याचं निमित्त. पहिल्या तीन-चार रात्री मांडीवर न घेता गादीवर झोपवून थोपटा. पुढच्या तीन-चार रात्री हात फक्त पाठीवर ठेवा, हलवू नका. मग नुसतं शेजारी बसा. तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं आधीपेक्षा वाढतं आणि नेमकी तिथेच माणसं हार मानतात. एकदा हार मानली की मूल शिकतं: जास्त रडलं की झोळी मिळते. त्यामुळे ज्या आठवड्यात पाहुणे, दात येणं किंवा लसीकरण आहे त्या आठवड्यात हे सुरूच करू नका.

खोली

आपल्याकडे मुलाला थंडीपेक्षा उकाडा जास्त जागवतो. एसी २५-२६ वर, झोत अंगावर नको, एकच सुती थर. एसी नसेल तर झोपण्याआधी खिडक्या उघडून समोरासमोर हवा खेळू द्या आणि पंख्याखाली मच्छरदाणी लावा. खाडीकाठच्या ऐरोली, नेरुळ, कोपरीत डास आहेतच, पण बंद खोलीत कॉइल जाळू नका. त्या धुराने नाकाला सूज येते आणि घोरणारं मूल जास्त घोरतं. धुरी आणि उदबत्तीलाही हेच लागू. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली की बुरशी धरते, पलंग त्या भिंतीपासून हातभर दूर सरकवा. चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गादीला ऊन दाखवा, मऊ खेळणी उशाशी एकच.

घोडबंदर रोडच्या ट्रकचा आवाज बंद करता येत नाही. पंख्याची सलग घरघर तो बऱ्यापैकी झाकते. मंडपाचा लाऊडस्पीकर वेगळा. रात्री १० ते सकाळी ६ तो कायद्याने बंद हवा, काही ठरावीक सणांच्या दिवशीच १२ पर्यंत सवलत असते. तक्रार ११२ वर करता येते.

रात्री किंचाळून उठणं

झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळतं, डोळे उघडे, घामाघूम, तुम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी काही आठवत नाही. ही रात्रभीती. त्याला हलवून जागं करू नका, दिवे लावू नका, पडू-लागू नये एवढं बघा. पाच-दहा मिनिटांत ते पुन्हा शांत झोपतं. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवायच्या तर सकाळी उतरवा. रोज ठरल्या वेळी होत असेल तर त्याआधी १५-२० मिनिटं हळूच चाळवून पुन्हा झोपू द्या, असं दोन-तीन आठवडे. झोप कमी पडली की रात्रभीती वाढते, त्यामुळे वेळ अलीकडे आणणं हाच अर्धा उपाय. पहाटे घाबरून उठून 'वाघ आला होता' असं सांगणारं मूल मात्र पूर्ण जागं असतं. त्याला जवळ घ्या. झटके दर वेळी हुबेहूब तसेच येत असतील, हात-पाय ताठ होत असतील तर व्हिडिओ काढून डॉक्टरना दाखवा.

काय देऊ नये

झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, अशी सूचना बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मेलाटोनिनच्या (झोपेच्या हार्मोनच्या) गोळ्या-चॉकलेटं डॉक्टरांशिवाय नकोत. दुधात जायफळ उगाळून देणं आपल्या घरात जुनं आहे, पण दोन वळशांचे दहा कधी होतात कळत नाही, आणि जास्त जायफळ विषारी असतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

कुठे जायचं

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, वही आणि व्हिडिओ घेऊन. त्यांच्या सांगण्यावरून कान-नाक-घसा. सरकारी-महापालिकेच्या सोयीत कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरुळ आणि ऐरोलीची रुग्णालयं, आणि गुंतागुंत असेल तर परळचं वाडिया, हे मुलांचं ट्रस्टचं रुग्णालय. लोह सुरू केलं असेल तर महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा बघतात. साधारण १ ग्रॅम वाढ दिसायला हवी. आकडा नीट आला तरी औषध लगेच थांबवू नका, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

मे महिन्याची सुट्टी हे सगळं उधळून लावते, हे धरूनच चाला. गावी आंबे, चुलत भावंडं, उठायला साडेआठ. शाळेसाठी साडेसहाला उठायचं तर दोन तास मागे यायचंय: दर दोन दिवसांनी १५ मिनिटं, म्हणजे सोळा दिवस. शाळा १५ जूनला उघडणार असेल तर ३० मेच्या सकाळी पहिला गजर लावा, मग तुम्ही तेव्हा कणकवलीत असा की खारघरात.